दोन ब्रोकर, एक नोंदवही

रिमोट डेस्कटॉपमध्ये काम चालते दूरच्या सर्व्हरवर आणि कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर त्याचे फक्त चित्र येते. दाबलेली कळ आणि माउसची हालचाल तिकडे जाते, बदललेला पडदा इकडे येतो. फाइल, प्रोग्रॅम, हिशेब सगळे सर्व्हरवरच राहते. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर, रुग्णालये अशा ठिकाणी ही पद्धत रुळली, कारण शंभर टेबलांवरचे शंभर संगणक सांभाळण्यापेक्षा चार सर्व्हर सांभाळणे परवडते. पण टेबलावरचा एक संगणक बिघडला तर एका माणसाचे काम अडते आणि सर्व्हरपर्यंत नेणारी वाट बंद पडली तर अख्ख्या कार्यालयाचे. म्हणून रिमोट डेस्कटॉपची उभारणी करताना पहिला प्रश्न असतो तो एखादा भाग बंद पडला तरी बाकीचा कारभार चालू कसा राहील हा. तंत्रज्ञ याला हाय अव्हेलेबिलिटी किंवा नुसते ‘एचए’ म्हणतात.

एका विंडोज यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी काम करावे, ही सोय प्रथम बाजारात आणली ती मायक्रोसॉफ्टने नव्हे. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड याकोबुच्ची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. विंडोज एनटीचा परवाना घेऊन तिने १९९५ मध्ये ‘विनफ्रेम’ आणले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सकडून ते तंत्र वापरण्याचे हक्क घेतले आणि १९९८ मध्ये ‘विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन’ बाहेर पडली. पडदा आणि कळफलक यांची ने-आण करणारा आरडीपी हा प्रोटोकॉल तेव्हापासूनचा. तो आजही मुख्यतः ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. २००९ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ आर२ आला, तेव्हा ‘टर्मिनल सर्व्हिसेस’ची पाटी उतरली आणि ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ची लागली.

या व्यवस्थेत कामे वाटून दिलेली असतात. प्रत्यक्ष प्रोग्रॅम जिथे चालतात तो सेशन होस्ट. प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्र द्यायचे असेल तर व्हर्च्युअलायझेशन होस्ट. ब्राउझरमध्ये प्रोग्रॅमची चित्रे मांडून दाखवणारा वेब ॲक्सेस, परवाने मोजणारा लायसन्सिंग सर्व्हर आणि बाहेरच्या इंटरनेटवरून येणाऱ्यांना कूटबद्ध वाटेने आत घेणारा गेटवे. गेटवेचा खर्च वाचवून ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी उघडकीस आली. जुन्या विंडोजवर पासवर्डही न देता दुरून ताबा मिळवता येईल अशी ती होती, आणि असे उघडे पोर्ट ठेवणाऱ्यांची तेव्हा पळापळ झाली.

सहावी भूमिका कनेक्शन ब्रोकरची. सेशन होस्ट एकच असेल तर ब्रोकरला फारसे काम नाही. पण होस्ट दहा झाले की कोणाला कुठे पाठवायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. गर्दीचे लॉज असावे, काउंटरवर कारकून असावा आणि त्याच्यापुढे कोण कोणत्या खोलीत उतरले आहे याची नोंदवही असावी, तसा हा प्रकार. नवा पाहुणा आला की कारकून रिकामी खोली पाहतो. बाहेर जाऊन परत आलेल्याला मात्र त्याच्याच खोलीची किल्ली देतो. ब्रोकर हा कारकून आणि त्याचा डेटाबेस ही नोंदवही.

एका सकाळचा व्यवहार जवळून पाहिला तर हे स्पष्ट होते. एखाद्या विमा कंपनीच्या शाखेतला कर्मचारी साडेनऊला येऊन दावे नोंदवण्याच्या प्रोग्रॅमच्या चित्रावर क्लिक करतो. त्या चित्रामागच्या छोट्या फाइलमध्ये होस्टचे नाव नसतेच; ब्रोकरचे नाव आणि कोणत्या संचातला प्रोग्रॅम हवा याची खूण असते. गेटवे त्याची ओळख तपासून त्याला ब्रोकरकडे सोडतो. ब्रोकर डेटाबेसला विचारतो की या नावाचे एखादे सेशन कुठे चालू किंवा अर्धवट आहे का. उत्तर नकारार्थी आले की तो होस्टांवरचा भार पाहतो, ज्याच्यावर कमी माणसे आहेत असा होस्ट निवडतो आणि कर्मचाऱ्याच्या संगणकाला तिकडे वळण्याचा निरोप देतो. संगणक त्या होस्टला जोडला जातो आणि डेटाबेसमध्ये नोंद पडते: अमुक वापरकर्ता, अमुक होस्ट, अमुक क्रमांकाचे सेशन, स्थिती चालू. एवढे सगळे काही सेकंदांत उरकते.

दुपारी शाखेतली वीज जाते. समोरचा संगणक बंद पडतो, पण सातव्या होस्टवर त्या कर्मचाऱ्याचे सेशन जिवंतच असते. अर्धवट भरलेला दावा तिथे तसाच उघडा असतो. फक्त नोंदीतली स्थिती ‘चालू’वरून ‘तुटलेले’ अशी बदलते. वीज आल्यावर तो पुन्हा जोडणी मागतो. ब्रोकर नोंद वाचून त्याला थेट सातव्या होस्टवर नेतो आणि कर्सर जिथे होता तिथून काम पुढे चालू होते. ही नोंद हरवली तर काय होईल? ब्रोकर त्याला नवखा समजून तिसऱ्या होस्टवर नवे सेशन उघडून देईल. जुना दावा सातव्यावर तसाच उघडा, त्याची फाइल कुलूपबंद आणि नव्या सेशनमधून ती उघडायला गेले की ‘दुसऱ्या कोणीतरी वापरात घेतली आहे’ असा संदेश. तो दुसरा कोणी म्हणजे तो स्वतःच! हेल्पडेस्कला येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार ओळखीची असते आणि ती करणाऱ्याला कारण समजावून सांगणे भलतेच कठीण जाते.

म्हणजे ब्रोकर हे सगळ्या वाहतुकीचे नाके आहे. ते बंद पडले तर आधीच जोडले गेलेले लोक काम करत राहतात, कारण त्यांच्या पडद्याचा व्यवहार होस्टशी चाललेला असतो, ब्रोकरमधून जात नाही. पण नव्याने येणारा आणि तुटून परत येणारा दोघेही दारातच अडकतात. बिघाड सकाळी नऊला झाला तर जवळजवळ सगळेच बाहेर आणि सायंकाळी पाचला झाला तर कोणाला कळतही नाही.

एकाऐवजी दोन ब्रोकर ठेवावेत, हा उपाय कोणालाही सुचेल. अडचण नोंदवहीची आहे. प्रत्येक ब्रोकरने आपापली नोंद ठेवली तर पहिल्याने सातव्या होस्टवर पाठवलेला माणूस दुसऱ्याच्या वहीत नसतोच. दोघांना एकच वही लागते आणि ती दोघांनाही एकाच वेळी वाचता-लिहिता आली पाहिजे. रिमोट डेस्कटॉपच्या एचएचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास म्हणजे ही वही कुठे ठेवायची, या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये ‘सेशन डिरेक्टरी’ होती. ती तुटलेले सेशन शोधून द्यायची, भारवाटप मात्र दुसऱ्या यंत्रणेने करायचे. २००८ च्या आवृत्तीत ‘सेशन ब्रोकर’ आला आणि भारवाटपही त्याच्याकडे गेले. २००८ आर२ मध्ये दोन ब्रोकरांचे क्लस्टर करता येई, पण त्यातला एक काम करणार आणि दुसरा पहिला पडण्याची वाट पाहत बसणार. विंडोज सर्व्हर २०१२ ने ही रचना मोडली. आता दोन किंवा अधिक ब्रोकर एकाच वेळी काम करू लागले आणि सर्वांची नोंद एका सामायिक एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये जाऊ लागली. एकट्या ब्रोकरला पूर्वीप्रमाणे विंडोजसोबत येणारा छोटा अंतर्गत डेटाबेस पुरत होता. दुसरा ब्रोकर जोडायचा म्हटले की एसक्यूएल सर्व्हर आलाच.

इथे मूळ दुखणे फक्त एक पायरी खाली सरकले. ब्रोकर दोन झाले खरे, पण एसक्यूएल सर्व्हर एकच राहिला आणि तो पडला की दोन्ही ब्रोकर एकदमच आंधळे. मग एसक्यूएल सर्व्हरही दोन हवेत. त्यांचे क्लस्टर हवे. क्लस्टरमधल्या दोन यंत्रांचा परस्परसंपर्क तुटला तर दोघेही स्वतःला मालक समजू नयेत म्हणून मतदानाची व्यवस्था लागते. दोघांत बहुमत होत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार लागतो. दोन्ही यंत्रांना दिसेल असे सामायिक स्टोरेज हवे आणि ते स्टोरेजही एकटे नको. सामायिक स्टोरेज टाळायचे तर एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ‘ऑल्वेज ऑन’ अव्हेलेबिलिटी ग्रुप हा पर्याय होता, पण तो महागड्या एंटरप्राइज आवृत्तीत. स्टँडर्ड आवृत्तीत त्याचे छोटे रूप २०१६ मध्ये आले. एसक्यूएल सर्व्हरचे परवाने वेगळे, तो जाणणारा माणूस वेगळा, पॅच चढवण्याचे वेळापत्रक वेगळे.

आणि हे सगळे कशासाठी? ज्या डेटाबेससाठी हा थाट, तो असतो अगदी किरकोळ. काही शे वापरकर्ते, दहा-वीस होस्ट, त्यांची सेशने आणि मांडणीची माहिती. मोठ्या कंपनीत आधीपासूनच डेटाबेसचे खाते आणि क्लस्टर असते, तिला त्यात आणखी एक छोटा डेटाबेस टाकणे जड नाही. दीडशे-दोनशे माणसांच्या कार्यालयाला मात्र हे परवडत नव्हते. परिणामी अनेक ठिकाणी ब्रोकर दोन आणि त्यांच्यामागे एकुलता एक एसक्यूएल सर्व्हर, अशी अर्धवट रचना उभी राहिली. कागदावर ती एचए दिसे. खरे तर एकट्या ब्रोकरपेक्षाही ती नाजूक होती, कारण बंद पडू शकणारी एक वस्तू त्यात वाढलेली होती.

वस्तू वाढल्या की भरवसा कसा घटतो, याचे गणित साधे आहे. एक भाग वर्षातला ९९.९ टक्के वेळ चालू असेल तर वर्षभरात तो सुमारे पावणेनऊ तास बंद राहतो. असे पाच भाग एकामागून एक जोडले आणि प्रत्येक चालू असल्याशिवाय काम होत नसेल, तर सगळ्यांचा गुणाकार होऊन भरवसा साडेनव्याण्णव टक्क्यांवर येतो. बंद राहण्याचा काळ वर्षाला त्रेचाळीस तासांच्या पुढे जातो. उलट दोन भाग समांतर ठेवले आणि कोणताही एक चालू असला तरी भागत असेल, तर प्रत्येकी फक्त ९९ टक्क्यांचे असूनही दोघे मिळून ९९.९९ टक्क्यांपर्यंत पोहोचतात. अट एकच, दोघांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसावेत. दोन्ही ब्रोकर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आणि एकाच नेटवर्क स्विचला लटकवलेले असतील तर हे गणित फळ्यावरच राहते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये विंडोज सर्व्हर २०१६ आला आणि त्यात ब्रोकरची ही वही ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवण्याची मुभा मिळाली. ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस ही मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा. २०१० मध्ये ‘एसक्यूएल ॲझ्युअर’ या नावाने ती सुरू झाली होती. तिच्यात ग्राहकाला सर्व्हर यंत्र मिळत नाही, मिळतो तो डेटाबेस. खालची विंडोज, एसक्यूएलचे इंजिन, त्यांचे पॅच, बॅकअप, बिघाड झाल्यावर दुसऱ्या यंत्रावर हलवणे, ही सगळी कामे सेवा देणाऱ्याची. एसक्यूएलचे क्लस्टर, त्याचा साक्षीदार, त्याचे स्टोरेज हे सगळे उभारणीच्या आराखड्यातून एकदम गळून पडले. उरले दोन ब्रोकर आणि एक पत्ता.

मधली अडचण तांत्रिक होती आणि ती सोडवल्याशिवाय हे जमत नव्हते. २०१२ च्या रचनेत ब्रोकरची यंत्रे कार्यालयाची खाती सांभाळणाऱ्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या आपल्या खात्याने एसक्यूएल सर्व्हरला ओळख पटवत. त्यासाठी दोघेही एकाच डोमेनच्या घरातले हवेत. ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस त्या घराचा सदस्य नाही. म्हणून ब्रोकरची मांडणी करून देणाऱ्या २०१६ च्या विझार्डमध्ये दोन पर्याय आले: ‘डेडिकेटेड डेटाबेस सर्व्हर’, म्हणजे जुनी डोमेनची ओळख, आणि ‘शेअर्ड डेटाबेस सर्व्हर’, म्हणजे एसक्यूएलचे स्वतःचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड. क्लाउडसाठी दुसरा पर्याय घ्यायचा. या दुसऱ्या पर्यायाचा जागेवरच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. डेटाबेसचे खाते सांभाळणाऱ्यांना ब्रोकरसाठी सर्व्हरभर मोकळे हक्क द्यावे लागेनात. एका डेटाबेसपुरते नाव-पासवर्ड दिले की पुरे.

उभारणीचे टप्पे थोडे आहेत. आधी एका ब्रोकरवर नेहमीची मांडणी करायची. ती अंतर्गत डेटाबेसवर चालते. ॲझ्युअरच्या पोर्टलवर रिकामा डेटाबेस तयार करायचा आणि त्याच्या पानावरून ‘कनेक्शन स्ट्रिंग’ म्हणजे जोडणीची ओळ उचलायची. या ओळीत अर्धविरामांनी तोडलेली माहिती असते: कोणता ओडीबीसी ड्रायव्हर, सर्व्हरचा ‘डेटाबेस डॉट विंडोज डॉट नेट’ने संपणारा पत्ता, पोर्ट १४३३, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड, जोडणी कूटबद्ध ठेवण्याची सूचना आणि उत्तराची वाट किती सेकंद पाहायची ते. पासवर्डच्या जागी पोर्टल महिरपी कंस घालून ‘तुमचा पासवर्ड इथे’ अशा अर्थाचे शब्द छापते. ते बदलायचे राहून गेले की जोडणी फसणार. ओळीत ज्या ड्रायव्हरचे नाव आहे तोच प्रत्येक ब्रोकरवर बसवलेला हवा, आवृत्तीसकट. पहिल्या ब्रोकरवर तो असतो, दुसऱ्यावर विसरतात आणि मग दुसरा ब्रोकर जोडताना विझार्ड जो संदेश देतो त्यात ड्रायव्हरचा उल्लेख सापडेलच असे नाही.

नंतर सर्व्हर मॅनेजरमध्ये ब्रोकरच्या चित्रावर उजवे क्लिक करून एचएची मांडणी निवडायची, दोन्ही ब्रोकरांसाठीचे एक सामायिक डीएनएस नाव द्यायचे आणि ती ओळ चिकटवायची. आतल्या डेटाबेसमधली माहिती क्लाउडमध्ये हलवली जाते. मग दुसरा ब्रोकर जोडायचा. सामायिक नावाला डीएनएसमध्ये दोन्ही ब्रोकरांचे आयपी पत्ते द्यायचे, म्हणजे येणारे कधी या दारात तर कधी त्या दारात जातात. ॲझ्युअरमध्येच ब्रोकर असतील तर त्याऐवजी लोड बॅलन्सर लावता येतो. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवर सामायिक नाव हवे, नाहीतर रोज सकाळी प्रत्येकाच्या पडद्यावर पिवळा इशारा येत राहतो आणि लोक तो न वाचता पुढे जायला शिकतात. पुढेमागे खरोखरच कोणी तोतया सर्व्हर उभा केला तर त्यांना तोही तसाच दिसेल. ही मांडणी एकदा केली की अंतर्गत डेटाबेसकडे परत फिरण्याची सोपी वाट नाही, म्हणून आधी यंत्राची प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे.

पलीकडे क्लाउडमध्ये नेमके काय घडते, तेही समजून घेण्यासारखे आहे. ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ या स्वस्त श्रेणींत गणन आणि साठवण वेगवेगळे ठेवलेले असते. एसक्यूएलचे इंजिन एका यंत्रावर चालते, पण डेटा आणि लॉगच्या फाइली दूरच्या स्टोरेजवर असतात आणि तिथे त्यांच्या एकाहून अधिक प्रती ठेवल्या जातात. इंजिनचे यंत्र कोसळले की नियंत्रण यंत्रणा दुसऱ्या मोकळ्या यंत्रावर नवे इंजिन सुरू करते आणि त्याच फाइली त्याला जोडते. ‘प्रीमियम’ श्रेणीत याउलट चार यंत्रांवर डेटाबेसच्या चार प्रती असतात, त्यांच्या स्वतःच्या वेगवान डिस्कवर. एक मुख्य आणि बाकीच्या तिच्या मागोमाग चालणाऱ्या. मुख्य पडली की मागच्यांपैकी एक पुढे येते. म्हणजे कार्यालयाने स्वतः उभारायचे टाळलेले क्लस्टर तिथे आहेच, फक्त त्याची निगा दुसऱ्याच्या गळ्यात आहे. या सेवेसाठी मायक्रोसॉफ्ट ९९.९९ टक्क्यांची हमी देते. वर्षाला साधारण बावन्न मिनिटांपेक्षा जास्त बंद नाही, असा तिचा अर्थ. हमी मोडली तर बिलात सूट मिळते. त्या तासाभरात दारात अडकलेल्या लोकांचे नुकसान कोणी भरून देत नाही.

ब्रोकरसाठी स्वस्त श्रेणीच बहुधा पुरते. ‘बेसिक’ श्रेणीत २ जीबीपर्यंत जागा मिळते आणि ब्रोकरची वही त्यात आरामात मावते. जागेपेक्षा जपायचे ते गतीला. या श्रेणींची ताकद ‘डीटीयू’ या एकत्रित मापात मोजतात. बेसिकला ५ डीटीयू, स्टँडर्डच्या पहिल्या पायरीला १०. दिवसभर डेटाबेस निवांत असतो आणि सकाळी नऊ ते साडेनऊ एकदम सगळे आत येतात. या काळात मर्यादेला डोके लागले तर डेटाबेस बंद पडत नाही, नुसता मंदावतो आणि लॉगिन रेंगाळते. काही दिवस सकाळच्या वापराचा आलेख पाहून पायरी वाढवायची की नाही ते ठरवता येते. पायरी बदलणे हा पोर्टलवरचा किरकोळ व्यवहार आहे. फक्त तो सकाळी नऊला करू नये, कारण बदल संपताना जोडण्या क्षणभर तुटतात.

सोपेपणाची किंमत दुसऱ्या खात्यावर पडते. ब्रोकर जर कार्यालयातल्या सर्व्हर रूममध्ये असतील आणि वही क्लाउडमध्ये, तर दोघांमधली इंटरनेट लाइन ही आता रिमोट डेस्कटॉपचा अवयव झाली. पूर्वी लाइन तुटली तरी कार्यालयातल्या लोकांना आतल्या आत काम करता येत असे. आता आत बसलेल्यालाही नवी जोडणी मिळत नाही, कारण त्याच इमारतीतल्या ब्रोकरला त्याच इमारतीतल्या होस्टची माहिती बाहेर विचारावी लागते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या आणि रस्ता खोदणाऱ्याने दोन्ही केबल एकाच चरात तोडल्या, असेही घडते. यावरून एक निष्कर्ष निघतो. ब्रोकर आणि होस्टही ॲझ्युअरमध्येच असतील तेव्हा ही रचना सर्वात शोभते. यंत्रे जागेवर असणाऱ्या कार्यालयाने लाइन खरोखरच दुहेरी असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. त्याला जागेवरचे एसक्यूएल क्लस्टर, कटकटीचे असले तरी, जास्त भरवशाचे.

ब्रोकर ॲझ्युअरमध्ये ठेवताना डेटाबेस त्याच प्रदेशात निवडायचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन प्रदेश सुरू केले. त्यातला मध्य भारताचा प्रदेश पुण्यात, पश्चिमेचा मुंबईत आणि दक्षिणेचा चेन्नईत आहे. प्रदेशांची ही नावे पुणेकराला कोड्यात टाकणारी. ‘सेंट्रल इंडिया’ निवडले की डेटा नागपूर-भोपाळकडे गेला असे वाटावे आणि तो असतो घराजवळ. ब्रोकर पुण्यात आणि डेटाबेस चुकून अमेरिकेतल्या प्रदेशात तयार झाला तरी सगळे चालते, तक्रार काही येत नाही. मात्र प्रत्येक प्रश्नोत्तराला समुद्रापार फेरी पडते आणि लॉगिनच्या वेळी अशा फेऱ्या एकामागून एक होतात. मध्य भारताच्या प्रदेशात अव्हेलेबिलिटी झोनही आहेत, म्हणजे वीज, थंडावा आणि नेटवर्क स्वतंत्र असलेली वेगवेगळी डेटा सेंटर. दोन ब्रोकर दोन झोनमध्ये ठेवले की वर सांगितलेली एकमेकांवर अवलंबून नसण्याची अट बरीचशी पुरी होते.

सुरक्षेच्या बाजूने तीन गोष्टी आवर्जून पाहाव्या लागतात. डेटाबेसच्या पुढे फायरवॉल असते आणि सुरुवातीला ती सगळ्यांनाच अडवते. ब्रोकरचे पत्ते तिच्यात घालावे लागतात. तिथे ‘ॲझ्युअरमधल्या सेवांना परवानगी द्या’ अशी एक सोयीची खूण असते. ती केल्यावर आपली यंत्रे आत येतात हे खरे, पण ॲझ्युअरमध्ये भाड्याने यंत्र घेतलेल्या कोणाचाही पत्ता त्या दारापर्यंत पोहोचतो आणि मग पासवर्डचे कुलूप तेवढे उरते. प्रायव्हेट एंडपॉइंट वापरून डेटाबेसला आपल्याच आभासी नेटवर्कमधला पत्ता देणे हा यापेक्षा बरा मार्ग.

दुसरी गोष्ट त्या पासवर्डचीच. कार्यालयाच्या धोरणानुसार दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा असतो. डेटाबेसचा पासवर्ड ज्याने बदलला त्याला ब्रोकरविषयी माहिती नसते आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही ब्रोकर धडधाकट असून एकही माणूस आत येत नाही. पॉवरशेलमधल्या एका आज्ञेने ब्रोकरकडची जोडणीची ओळ नवी करता येते, पण ती कोणी आणि कधी द्यायची हे आधी लिहून ठेवलेले हवे. तिसरी गोष्ट, ब्रोकरला डेटाबेस सर्व्हरचे सर्वाधिकारी खाते देऊ नये; त्या एका डेटाबेसपुरते हक्क असलेले खाते करावे.

क्लाउडमधला डेटाबेस यंत्र बदलतो तेव्हा काही सेकंद जोडणी तुटते. ब्रोकरला पुन्हा प्रयत्न करावा लागतो आणि त्या क्षणी आत येऊ पाहणाऱ्याला एखादा नकार दिसतो. परत क्लिक केले की तो आत. बॅकअप आपोआप होतात आणि बेसिक श्रेणीत सात दिवसांतल्या कोणत्याही क्षणाला डेटाबेस परत नेता येतो. अर्थात ब्रोकरच्या वहीला या सोयीचा उपयोग मर्यादितच. काल दुपारी कोण कुठे बसले होते, ही नोंद आज निरुपयोगी असते. कामाची असते ती मांडणीची माहिती, म्हणजे कोणता संच, कोणते होस्ट, कोणाला कोणता प्रोग्रॅम. संपूर्ण प्रदेशच बंद पडण्याची भीती असेल तर दुसऱ्या प्रदेशात डेटाबेसची मागोमाग चालणारी प्रत ठेवता येते. मात्र तिथे ब्रोकर, होस्ट आणि लोकांच्या फाइली नसतील तर एकट्या वहीचा उपयोग काय?

वही सुरक्षित झाली म्हणून सगळी व्यवस्था एचए होत नाही. गेटवे आणि वेब ॲक्सेस दोन-दोन हवेत, त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर हवा. डोमेन कंट्रोलर दोन हवेत, नाहीतर ओळख कोण पटवणार? परवान्यांचा सर्व्हर काही काळ बंद राहिला तरी लगेच अनर्थ होत नाही, पण तोही दुहेरी असलेला बरा. सगळ्यात जड भाग वापरकर्त्यांच्या प्रोफाइलचा. प्रत्येकाचा डेस्कटॉप, त्याची सेटिंग, त्याच्या फाइली एका सामायिक फोल्डरमधल्या आभासी डिस्कमध्ये असतात. माणूस कोणत्याही होस्टवर गेला तरी त्याची डिस्क तिथे जोडली जाते. तो फोल्डर असलेला फाइल सर्व्हर पडला तर ब्रोकर अचूक वाट दाखवतो आणि माणूस रिकाम्या डेस्कटॉपपुढे जाऊन बसतो. विंडोज सर्व्हर २०१६ मधल्या ‘स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट’ने दोन-तीन यंत्रांच्या डिस्क मिळून असा दुहेरी फोल्डर करता येतो. याच आवृत्तीत क्लस्टरच्या साक्षीदाराचे मतही क्लाउडमधल्या एका छोट्या फाइलकडे सोपवण्याची सोय आली. रोज जवळ बाळगायला नकोशा वस्तू क्लाउडला देऊन टाकण्याची ही वृत्ती त्या आवृत्तीत जागोजागी दिसते.

उभारणी झाल्यावर ती तपासायची म्हणजे एक ब्रोकर खरोखरच बंद करायचा. आधी एका होस्टवर ओळखीचे सेशन उघडून त्यात एक न साठवलेली फाइल ठेवायची, सेशन तोडायचे, पहिला ब्रोकर बंद करायचा आणि मग परत यायचे. तीच फाइल तशीच उघडी दिसली तर दुसऱ्या ब्रोकरने वही नीट वाचली. नंतर दुसरा बंद करून पहिल्याची परीक्षा. त्यानंतर डेटाबेसच्या फायरवॉलमधून ब्रोकरचे पत्ते काढून पाहायचे. आत असलेल्यांचे काम चालू राहते आणि बाहेरचे अडतात, हे डोळ्यांनी दिसते. बरीच कार्यालये ही तपासणी ‘चालू गाड्याला कशाला हात लावा’ म्हणून टाळतात आणि मग ती तपासणी एखाद्या सोमवारी सकाळी आपोआप होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप’ ही सेवा सर्वांसाठी खुली केली. २०२१ मध्ये तिचे नाव ‘ॲझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप’ झाले. तिच्यात नुसती वही नव्हे, तर ब्रोकर, गेटवे आणि वेब ॲक्सेसही मायक्रोसॉफ्टच सांभाळते. ग्राहकाकडे उरतात ते सेशन होस्ट आणि प्रोफाइल. नव्याने क्लाउडमध्ये जाणाऱ्या कार्यालयाला आता स्वतःचे दोन ब्रोकर उभारण्याचे कारण क्वचितच असते. तरीही विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ मध्ये ब्रोकर आणि ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस यांची जोडी कायम राहिली. परवाने आधीच विकत घेतलेले कार्यालय, गेटवे स्वतःच्या ताब्यात ठेवायला नियमाने बांधलेली संस्था, अनेक ग्राहकांसाठी स्वतंत्र डेस्कटॉप चालवणारे सेवा पुरवठादार यांना ती सोयीची पडते. पुरवठादाराकडे वीस ग्राहक असतील तर वीस ब्रोकर-जोड्यांचे वीस छोटे डेटाबेस एकाच ‘इलॅस्टिक पूल’मध्ये ठेवून डीटीयू वाटून घेता येतात. सगळ्यांची कार्यालये मात्र एकाच वेळी सकाळी नऊला उघडत असतील, तर वाटून घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.